चौघांनी उचलायचं नाही

गावंडे साहेबांनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमी तीन मानसाच्या."

समोर कोणी आलं की आपण त्याचा चेहरा पाहतो, कपडे पाहतो, फार तर चपला पाहतो. गावंडे साहेब त्याचं वजन पाहत. किलोत नाही. आग लागली, भूकंप झाला, छत खचलं, तर याला जिन्यावरून खाली आणायला माणसं किती लागतील, या हिशोबात. पोस्टमन दोघांचा. मेडिसिनचे मोठे डॉक्टर पाच जणांचे. आमच्या ट्रस्टचे सचिव, "पाच, अन् वळनावर सहावा." त्यात ना टोमणा असे, ना कौतुक. शिंपी कमरेचं माप ओरडून सांगतो ना, तसं.

मी तेव्हा लहान होते. सत्तावन्न वर्षांची. आता नातवंडं कडेवर घेऊन कमरेची पार वाट लागली आहे आणि थोडी अक्कलही आली आहे, पण त्या वयात मला वाटायचं की नर्सिंगच्या शाळेतल्या फोटोत जी काडी उभी आहे, पांढऱ्या टोपीखालची, तीच अजून आरशात दिसते. 'तीन' हा आकडा मला झोंबला. मी अर्ध्या भाकरीवर आले. सकाळी कॅम्पच्या रस्त्यावर फिरायला जाऊ लागले, तेही मान ताठ ठेवून, कोणी पाहिलं तर चांगलं दिसावं म्हणून. महिनाभराने श्वास आत ओढून साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले.

त्यांनी चष्मा वर केला. "तीनच," म्हणाले. "पन तिसऱ्याले आता जरा आराम हाय."

या आकड्यांत एक गंमत होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. कोणी दोघांचा असे, कोणी तिघांचा, कोणी पाचाचा. चार जणांचं माणूस त्यांच्या हिशोबात नव्हतंच. एकदा मी विचारलं, "साहेब, चार कोणीच कसं नाही?"

"चौघं ज्याले उचलतात," ते म्हणाले, "तो काई परत येत नाई, सिस्टर."

साहेब मूळचे हिवरखेडचे. काळ्या जमिनीत भाऊ कपाशी पिकवत, हे अमरावतीला आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात कारकून म्हणून लागले आणि चढत चढत व्यवस्थापक झाले. कोरोनाच्या आधी तो माणूस अगदी साधा होता. बिलं, पगार, फिनाईलचे कॅन. त्या साथीत त्यांची बायको गेली. आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोललं नाही, कारण त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरचं कोणी ना कोणी गेलंच होतं. रजा संपवून साहेब परत आले ते 'समजा का' घेऊन. "समजा का आता ह्या पंख्यानं आग धरली." "समजा का ऑक्सिजनची गाडी परतवाड्याच्या रस्त्यात पंक्चर झाली." जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसले तर घास तोंडाशी नेईपर्यंत आपल्या दवाखान्याची तीनदा राख झालेली असे.

त्याच सुमारास प्रत्येक दवाखान्याने आपला आपत्तीचा आराखडा करावा, असा वरून आदेश आला. बाकीच्यांनी दुसऱ्याचा आणला आणि पहिल्या पानावरचं नाव बदललं. आमच्या साहेबांनी स्वतः लिहिला. संभाव्य आपत्तींत आग, पूर, भूकंप, उष्माघात होतेच. शिवाय मंत्र्याची भेट होती. दिवाळीनंतरचा सोमवार होता. पेशंटसाठी घरून डब्यात आलेलं मिरचीचं भरीत होतं. सचिव म्हणाले, "गावंडे, मंत्र्याची भेट ही आपत्ती कशी?" साहेब म्हणाले, "मांगच्या खेपेले दोन तास अ‍ॅम्बुलन्स बाहीर उभी होती न साहेब." ती ओळ तशीच राहिली.

माझ्या भाचीचं लग्न अकोल्याला होतं. साहेबांना आमंत्रण माझ्या यजमानांनी दिलं, हे मी आजही माहेरी सांगत असते. मंगलाष्टकं रंगात आलेली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि हे वाकून गुरुजींच्या कानाशी. "गुरुजी, समजा का मांडव पेटला. तुमी कोनीकडून निंगान?" गुरुजींनी सूर न सोडता आचाऱ्याच्या बाजूला बोट दाखवलं आणि पुढचं कडवं घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण साहेब नवऱ्या मुलाकडे बघून मला म्हणाले, "दोन. आरामात दोन." ते वरमाईने ऐकलं. आकडा कशाचा हे कळल्यावर ती जास्तच बिघडली.

"माह्या पोराले दोनच?" ती म्हणाली. "काहून, आमच्या घरी जेवाले नाई का?"

पंगतीत तिने मुलाला इतकं वाढलं की बिचारा रात्री गाडीत बसेपर्यंत तिघांचा झाला होता.

मग आमची स्टाफची सहल सेमाडोहला गेली. जंगलात फिरवायला उघडी जीप आणि पुढे एक वाटाड्या. साहेब जीपला मागून पुढून फेरी मारून आले आणि त्याला म्हणाले, "आमी सात. दार एक. समजा का वाघ आला. मंग?"

वाटाड्या म्हणाला, "साहेब, वाघ पाहालेच आले न तुमी?"

"ते खरं हाय," साहेब म्हणाले. "पन समजा का आलाच."

हसायला मला तरी कुठला अधिकार होता म्हणा. साहेबांनी मला नागपूरला शिबिराला धाडलं होतं आणि मी तिथून रंगीत पट्ट्या शिकून आले होते. मोठ्या अपघातात पेशंट एकदम आले की चालू शकतो त्याला हिरवी पट्टी, थांबू शकतो त्याला पिवळी, थांबू शकत नाही त्याला लाल. इतकं साधं. पण परत आल्यावर माझे पाय जमिनीला लागेनात. घरात मी मनातल्या मनात सगळ्यांना पट्ट्या बांधल्या. सासूबाई पिवळ्या, मिक्सर लाल. एका संध्याकाळी यजमान म्हणाले, चहा मिळेल का. मी म्हटलं, "तुम्ही चालू शकता. हिरवे आहात." चहा त्यांनीच केला. दोन दिवस बोलले नाहीत.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते.

आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर मागचा वॉर्ड होता. तो माझ्याकडे. तिथे म्हाताऱ्या बाया. कोणाचं खुब्याचं हाड जुळलेलं, कोणाचं ऑपरेशन होऊन गेलेलं, पण न्यायला कोणी आलंच नाही. एखादीच्या घरचा फोन लागत नसे, एखादीच्या घरचे उचलत नसत. त्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना अरुंद, मधे वळण. खाली औषधाचं दुकान आणि तपासणीच्या खोल्या, म्हणजे ट्रस्टचं उत्पन्न, तिथे जागा मिळणं शक्य नाही. ट्रस्टला वर पैसेवाल्या पेशंटांसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि आराखड्याची सरकारी तपासणी होणार होती, ते निमित्त चांगलं सापडलं होतं. ठरलेल्या वेळात वॉर्ड रिकामा करून दाखवता आला नाही तर वॉर्ड बंद.

"मग बाया कुठे जातील?" मी सचिवांना विचारलं.

"बघू काहीतरी," ते म्हणाले.

दवाखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला हे 'बघू' कुठे जातं ते सांगावं लागत नाही. साहेबांनी त्या बैठकीत एकच वाक्य म्हटलं. "समजा का मी वॉर्ड उतरून दाखवला." सचिव हसले. साहेब हसले नाहीत.

पण उतरवणार कोण? आमचा स्टाफ बोटावर मोजण्याइतका. साहेब एक दिवस व्हरांड्यात उभे राहिले आणि त्यांना फौज दिसली. आमच्या वऱ्हाडात पेशंट एकटा येत नाही. त्याच्यासोबत भाऊ येतो, भावाचा साळा येतो, कंपाउंडरशी ओळख असलेला शेजारी येतो, आणि जीपमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून एक जण येतो. व्हरांड्यात सतरंज्या, डबे, पानाच्या पिशव्या. आम्ही सिस्टर लोक दिवसभर त्यांना हाकलत असू. साहेब त्यांच्यात फिरू लागले. "तुमचा पेशंट कोन? बरा हाय न? मंग कमरीतून वाकता येते का तुमाले?"

त्यात अकोटचे इस्माईलभाई सापडले. गाद्या-रजया भरण्याचा धंदा, पाच भाऊ, आणि दुसऱ्या वॉर्डात आई, खुबा मोडलेली. साहेबांचं म्हणणं ऐकून त्यांनी जाड दऱ्यांना, म्हणजे सतरंज्यांना, दोन्ही अंगांनी धरायचे पट्टे शिवून आणले. "रजई की सिलाई नहीं है ये, साहब," म्हणाले. "इसमें भैंस लेके जाव."

सरावाला म्हैस नव्हती म्हणून पेशंट मी झाले. मोठ्या ऐटीत झोपले. तीन भावांनी उचललं. जिन्याच्या वळणावर दरी एका बाजूला कलली आणि माझ्या हाताला जे लागलं ते मी धरलं. ती इस्माईलभाईंची दाढी होती. ते थांबले, कण्हले नाहीत, नुसतं म्हणाले, "सिस्टरबाई, पट्टा इधर है."

तपासणीचा दिवस उजाडला. अधिकारी पुण्याकडचे, तरुण, बोलायला अतिशय नम्र. हातात घड्याळ आणि छापील नियम. व्हरांड्यातली फौज जिन्यात तीन-तीनच्या तुकड्यांत उभी. मी गळ्यात शिट्टी अडकवली होती आणि तिचा मला इतका अभिमान होता की साहेब "अजून नको" म्हणत असतानाच मी ती फुंकली. घड्याळ सुरू झालं.

"एक मिनिट," अधिकारी म्हणाले. "चादरीला चार कोपरे, चार माणसं. आणि जिन्यावरून पाय पुढे. नियमात तसं आहे."

तिनाचे चार करणं कठीण नव्हतं. मागच्या तुकडीतला एकेक पुढे घेतला. चौघं पहिल्या कॉटशी गेले. त्या कॉटवर अंजीराबाई. वय तिलाही माहीत नाही, दात दोन, जीभ शाबूत.

"थांबा," अंजीराबाई म्हणाली. "किती हा रे तुमी?"

"चार हाओ, माय."

"मी मेली का?"

तिने मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं.

"चौघं, अन् पाय म्होरं. तिरडी तेवढी नाई आनली. कोन्या हरामखोरानं सांगतलं हे?"

चौघांनी हात सोडले. अधिकाऱ्यांनी नम्रपणे समजावलं की यात वजन सारखं वाटलं जातं, हे शास्त्रीय आहे. इस्माईलभाईंनी मान हलवली. "हमारे में भी चारीच उठाते, साहब. जिंदे को कायको?" मग दुसऱ्या कॉटवरची म्हणाली मीही नाही, तिसरीने पांघरूण डोक्यावर ओढलं. हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, सगळा जिना एकमताचा झाला होता. असं एकमत मी आमच्या गावात दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

"लेकरा," अंजीराबाई अधिकाऱ्यांना म्हणाली, "तुह्या मायले उचल बरं असं. मंग मले सांग."

अधिकाऱ्यांनी छापील नियमांचं पान उलटलं. घड्याळ चालूच होतं. मी साहेबांकडे पाहिलं. भूकंपाचं समजा, वाघाचं समजा, मंत्र्याचं समजा केलेला माणूस, पण तपासणीवाला चार म्हणेल हे समजायचं राहून गेलं होतं. ते वॉर्डातल्या कॉटच्या रांगेकडे बघत होते, आणि चेहरा असा की मी पट्टी बांधायची असती तर लालच बांधली असती.

मग ते पुढे आले आणि अंजीराबाईच्या दरीची किनार दोन बोटांत धरली.

"हा पाचवा," म्हणाले. "मोज, माय."

तिने बोट नाचवून मोजलं. "पाच हा खरं. पन पाय?"

"पाय म्होरंच ठेवा लागते. जिन्यात डोकं खाली होते तुहं."

ती विचारात पडली. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात हिवरखेडच्या बाया बसल्या होत्या, कोणाच्या तरी बाळंतपणाला आलेल्या. त्यांच्याकडे बघून अंजीराबाई म्हणाली, "मंग हळदीचं गानं म्हना, पोरींनो. मयताम्होरं कोनी हळदीचं म्हनत नाई."

त्या बायांना एवढंच हवं होतं. दोन दिवसांपासून त्या नुसत्या बसून होत्या. एकीने सूर धरला, बाकीच्यांनी टाळ्या, आणि आमचा आपत्तीग्रस्त वॉर्ड नवरीसारखा जिना उतरू लागला. पुढे पाय, मागे गाणं, कडेला दोन बोटांनी किनार धरलेले व्यवस्थापक. जास्तीचा माणूस नव्हता, म्हणून प्रत्येक बाईचे पाचवे साहेबच. एक खाली पोचवली की धापा टाकत वर. प्रत्येकीशी बोलत. "हा आता वळन हाय. पाय आवर. झालं, झालं." साठीला टेकलेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. मध्येच मी म्हटलं, "साहेब, जरा थांबा." म्हणाले, "थांबलो त चार होतात."

शेवटची बाई खाली आली तेव्हा अधिकाऱ्यांनी घड्याळ बंद केलं. वेळ शिल्लक होता.

"हे गाणं आराखड्यात आहे का?" त्यांनी विचारलं.

"आता हाय," साहेब म्हणाले.

वॉर्ड पास. सचिवांनी साहेबांशी हात मिळवला, तो हात जड असावा. अधिकारी बायांबरोबर भजी खाऊन गेले, आणि जाताना अंजीराबाईच्या पाया पडले, हेही मी पाहिलं.

डिसेंबरचं ऊन होतं. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बाया ओळीने पहुडल्या होत्या. चहा झाला. कोणी वेणी घालून घेतली. एकीने समोरच्या चारमजली इमारतीकडे बोट करून ही कवा झाली म्हणून विचारलं. ती इमारत किती जुनी आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. बायांना पाहिलं आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"साहेब, आता यांना वर कसं न्यायचं? आराखड्यात वर न्यायचं कुठे आहे?"

"आग लागल्यावर परत वर कोन नेते, सिस्टर?"

"पण आग लागलेली नाही."

"ते पाहू न," म्हणाले आणि चहाचा आणखी एक कप घेतला. ज्या माणसाने भरिताची आपत्ती लिहिली, तो हे विसरला असेल, यावर माझा तेव्हा विश्वास बसला. मी तशी भोळीच.

दुपार कलल्यावर इस्माईलभाई आणि मंडळी आपापल्या पेशंटचे डबे देऊन परत आली आणि एकेकीला वर नेऊ लागली. तीन-तीनच्या हिशोबाने, डोकं पुढे, आता कोणाची तक्रार नव्हती. ऊन उतरलं तरी अंजीराबाई खालीच. तिला वर जायचं नव्हतं. साहेब तिच्याजवळ दगडावर बसले होते. मी दऱ्यांच्या घड्या घालत होते.

"तुह्या घरी कोन हाय रे, बापू?" तिने विचारलं.

"कोनी नाई, माय. पोरगा हैदराबादले."

"अन् बायको?"

साहेब तिच्या पांघरुणावरचा निंबाचा पाला वेचत होते. "कोरोनात गेली. वरच्या मजल्यावर होती. मले जिन्याखालीच थांबोलं. दोन दिवस मी जिन्याखाली. मंग खाली आनलं तिले. आननारे दोघं होते, तोंडं झाकेल. कोन होते त्याईचं नावबी मले मालूम नाई."

अंजीराबाईने अरेरे म्हटलं नाही. पाल्याचा एक तुकडा तिच्या गुडघ्यावर राहिला होता, तो तिने दाखवला. साहेबांनी तोही उचलला.

"मले आज बरं वाटलं," ती म्हणाली. "लई दिसानं कोनी हात लावला, सुई टोचाले नाई. उद्या हाय का हे तुमचं?"

"परीक्षा झाली न, माय. पास झालो आपन."

"हो काय," ती म्हणाली, आणि पांघरूण स्वतःच अंगाखाली खोचायला लागली, वर जायच्या तयारीने.

साहेब उठले. पँट झटकली. माझ्याकडे आले आणि ऑफिसातला आवाज काढून म्हणाले, "सिस्टर, समजा का..." आणि थांबले. पुढे काही आलंच नाही. मग त्यांनी घसा साफ केला.

"आज वेळ जास्त लागला. शिस्त नव्हती. त्याईच्या कागदावर पास असन, माह्या हिशोबानं नापास. उद्या पुन्हा घ्या लागते. सगळ्या बायायले खाली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे न पाहता जिन्याकडे पाहत होते.

"नापासच होतो आपण," मी म्हटलं. "शिट्टी पण आधी वाजली."

"तेच म्हनतो मी. चहाचं सांगून ठेवा."

इस्माईलभाई फाटकाशी पान बांधून घेत होते. मी त्यांना गाठून सांगितलं की उद्याही बाया उतरवायच्या आहेत. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

"धूप निकलने के बाद रखो, सिस्टरबाई," म्हणाले. "सुबह बुढ़ियों को ठंड लगती."